येणार नसाल, तर जागा सोडा

प्रति,
डेट्रॉइटच्या आसपास राहणारी आणि उन्हाळ्यात गाडीमागे कँपर, म्हणजे चाकांवरची छोटी खोली, जोडून बाहेर पडणारी समस्त मराठी मंडळी

विषय : बुक करून रिकाम्या ठेवलेल्या कँपसाइटबद्दल

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२३ मधली शुक्रवारची संध्याकाळ. लडिंग्टन स्टेट पार्कच्या पाइन्स कँपग्राउंडमध्ये आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. नोवायहून निघून चार तास, शिवाय मुलांसाठी वाटेत दोनदा थांबलो ते वेगळंच. नवरा गाडी मागे घेत होता आणि कँपर मागे घेताना सुरुवातीला सगळ्यांचं होतं तेच होत होतं, स्टिअरिंग एकीकडे आणि कँपर भलतीकडे. तेवढ्यात माझे बाबा खाली उतरले. बाबा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला, एकतीस वर्षं. ते कँपरच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. नवऱ्याने आरशात पाहिलं आणि त्याला लगेच कळलं. एसटीत दोन घंट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. थाप-थाप, थोडं मागे. थाप, थांबा. पाच मिनिटांत आमचा जुना पॉप-अप, म्हणजे घडीचा कँपर, जागेवर सरळ उभा राहिला, विजेच्या खांबापासून वायर पुरेल एवढ्या अंतरावर. मुलांनी चाकांना ठोकळे लावले, क्रँक फिरवून छत वर केलं, दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर ओढले. आईने आत जाऊन गादीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हे तर माळ्यावरच्या खोलीसारखं आहे गं."

बाबांनी हात झटकले, आजूबाजूला नजर टाकली आणि विचारलं, "तू तर म्हणाली होतीस सगळं फुल्ल आहे. मग या जागा रिकाम्या कशा?"

आमच्या उजव्या हाताला एक आणि समोर दोन, अशा तीन जागा मोकळ्या होत्या. शेकोटीच्या लोखंडी कड्यात आधीच्या मुक्कामाची राख होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, येतील उशिरा, शुक्रवारची ट्रॅफिक असते.

आठच्या सुमारास एक जुनी पिकअप आली, मागे छोटा कँपर. गाडीने सावकाश एक फेरी मारली. मग दुसरी. खिडकीला दोन मुलांची तोंडं चिकटलेली, मागच्या हौद्यात फुगवलेल्या दोन ट्यूब दोरीने बांधलेल्या. तिसऱ्या फेरीला गाडी आमच्यासमोर थांबली. कामाचे जड बूट घातलेला माणूस उतरला आणि त्याने फार अदबीने विचारलं की समोरच्या जागा तुमच्याबरोबरच्यांच्या आहेत का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, गेटवर सांगितलं की सगळ्या जागांची आरक्षणं आहेत, देता येत नाही. शनिवारची ड्यूटी अचानक रद्द झाली म्हणून मुलांना घेऊन निघालो होतो. एवढं बोलून तो निघून गेला. गेटवरच्यांची चूक नव्हती, ज्याचं आरक्षण आहे तो रात्री अकरालाही येऊ शकतो, त्याची जागा संध्याकाळी दुसऱ्याला कशी द्यायची?

त्या तीन जागांवर रविवारी दुपारपर्यंत कोणीही आलं नाही.

हे पत्र लिहायचं कारण मात्र शनिवारी सकाळी कळलं. पाण्याच्या नळाशी आपल्या मराठी कँपवाल्यांच्या ग्रुपमधली एक ओळखीची मैत्रीण भेटली. तिला मला बघून मनापासून आनंद झाला. म्हणाली, "अगं, तूही इथेच? आधी सांगायचंस ना! आपल्या तीन जागा उरल्याच आहेत. नऊ घेतल्या होत्या, सहाच घरं आली." मी विचारलं, मग सोडल्या का नाहीत? ती म्हणाली, "ग्रुपवर विचारलं होतं कोणाला हव्यात का. कोणी बोललं नाही. मग राहिलंच."

मग राहिलंच! या दोन शब्दांसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

माझा त्या मैत्रिणीवर राग नाही. ती सहा घरांचा स्वयंपाक, मुलांचे खेळ, परतीच्या वाटेवरचं पेट्रोल, सगळं जमवून आणणारी बाई आहे आणि तिच्यासारख्या चारजणी आहेत म्हणून आपले कँप होतात. आणि मीही हे केलेलं आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, सगळं जग तंबू घेऊन बाहेर पडलं होतं तेव्हा, मी टॉवस पॉइंट आणि पोर्ट क्रेसेंट अशी दोन ठिकाणची दोन बुकिंग एकाच महिन्यात धरून ठेवली होती. हवा बघून ठरवू म्हटलं. टॉवसच्या वेळी पाऊस दिसला, गेलो नाही. पोर्ट क्रेसेंटच्या वेळी धाकट्याला ताप होता. दोन्ही वेळा मी फोन हातात घेऊन रद्द करायला दोन मिनिटं काढली नाहीत. हे लिहिताना मला लाज वाटते. पोर्ट क्रेसेंटला तर रात्रीचं आकाश काळंकुट्ट राहावं म्हणून राज्याने ते राखलेलं आहे, तिथल्या अंधारात आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. त्या रात्री माझ्या जागेवरून ती कोणी पाहिली नाही.

बुकिंग कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण नव्याने कँपर घेतलेल्यांसाठी लिहिते. मिशिगनच्या स्टेट पार्कमधली जागा सहा महिने आधी उघडते, सकाळी ८ वाजता. जुलैच्या शनिवारसाठी जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, लॅपटॉप उघडून बसायचं. लडिंग्टन, हॉलंड, हॉफमास्टर अशा लेक मिशिगनच्या काठावरच्या पार्कांतले उन्हाळी वीकएंड डोळ्यादेखत संपतात. त्यात काही चलाख लोक आणखी एक गोष्ट करतात आणि ती आपल्यात कौतुकाने सांगितली जाते. हवा असतो फक्त शुक्रवार-शनिवार, पण बुकिंग करायचं आधीच्या सोमवारपासून, म्हणजे बाकीच्यांच्या चार दिवस आधी दार उघडतं. नंतर सुरुवातीचे नको असलेले दिवस छाटून टाकायचे. म्हणूनच मिशिगनमध्ये आता जेवढे दिवस जागा धरून ठेवाल तेवढी बदलताना वा रद्द करताना जास्त रक्कम कापली जाते. तुम्ही जागा लवकर सोडलीत तर तुमचेच पैसे वाचतात, हे पुष्कळांना माहीत नाही. आपल्या ग्रुपमध्ये मात्र कापलेली रक्कम नऊ घरांत वाटली की घरटी दोन-चार डॉलर येतात आणि कोणाला काही वाटेनासं होतं.

दुसऱ्या राज्यांनाही हाच त्रास आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदाच केला, आयत्या वेळी रद्द करणाऱ्याचे पैसे जातात आणि पुन्हा पुन्हा न सांगता गैरहजर राहणाऱ्याला बुकिंग बंद होऊ शकतं. फ्लॉरिडाने १ जानेवारी २०२४ पासून आपल्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी असं केलं. मिनेसोटात १२० दिवस आधीच जागा मिळते, मला तीच पद्धत सगळ्यात बरी वाटते, कारण चार महिन्यांपुढचं आपलं आयुष्य निदान अंधुक तरी दिसतं.

आता हे आपल्याला का लागतं ते सांगते. आपल्या घरात उन्हाळा म्हणजे आई-बाबा येण्याचा काळ. ते येतात, बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या मुक्कामाची मुदत घेऊन, आणि त्यांचं येणं कधी ठरतं? बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आटोपल्यावर. भाचीचं लग्न झाल्यावर. तिकिटं जरा उतरल्यावर. त्या वर्षी आमचं सगळं एप्रिलमध्ये ठरलं, आणि तोवर जुलैचे वीकएंड जानेवारीतच संपून गेले होते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, माझं ड्यूटीचं वेळापत्रक सहा आठवडे आधी लागतं. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या प्लँटमध्ये आहे, तिथे ऑर्डर वाढली की शनिवार गेला. आमच्यासारख्यांना सहा महिने आधीची जागा कधीच मिळणार नाही. आम्ही जगतो दुसऱ्याने सोडलेल्या जागेवर. त्या गुरुवारी दुपारी कोणी एका अनोळखी माणसाने आपली जागा रद्द केली, म्हणून माझ्या फोनवर जागा सुटल्याची सूचना आली, म्हणून माझ्या आईने लेक मिशिगन पाहिलं.

आणि काय पाहिलं! जुलैत तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. आई वाळूवर बसून वाट पाहत होती, तिची दिवेलागणीची वेळ कधीच होऊन गेली होती आणि उजेड काही सरत नव्हता. शेवटी तांबडा गोळा पाण्यात उतरला तेव्हा तिने तिथेच, पाण्याकडे तोंड करून, हात जोडून शुभंकरोति म्हटलं. मुलांनीही म्हटलं. घरी म्हणायला सांगावं लागतं. मग कँपरवर येऊन शेकोटी पेटवली, दोन वांगी निखाऱ्यात खोचली. आईने ती चिमट्याने उलटवत उलटवत भाजली. साल सुटायला लागली तसा तो वास आसपासच्या सगळ्या जागांवर पसरला, आणि शेजारच्या तंबूतली बाई काय करताय म्हणून विचारायला आली. तिलाही भरीत दिलं, भाकरीच्या तुकड्यावर. भाकरी घरून करून नेली होती. दहा वाजले की पार्कमध्ये शांततेची वेळ सुरू होते, तोवर भांडी घासून झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन बिग सेबल पॉइंटच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो, कँपग्राउंडपासून जेमतेम दोन मैल, वाळूच्या टेकड्यांमधून. १८६७ सालचं दीपगृह, ११२ फूट उंच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. वर चढायला १३० पायऱ्या. बाबांनी त्या मोजत चढल्या, तिकिटं मोजायची जुनी सवय. परत येताना मी त्यांना सांगितलं की या पार्कमधले रस्ते, पूल, किनाऱ्यावरची इमारत, यांतलं पुष्कळ काम १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने कामाला लावलेल्या बेकार पोरांनी केलेलं आहे. त्या पोरांना महिना ३० डॉलर मिळायचे आणि त्यांतले २५ थेट घरी जायचे. बाबा चालता चालता थांबले. त्यांच्या वडिलांनी मुंबईत गिरणीत काम केलं, दर महिन्याला गावी मनीऑर्डर यायची. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ही जागा कुणाच्या तरी मनीऑर्डरीतून उभी राहिली आहे."

या पार्कांचं आजचं पोटही आपणच भरतो. २०१० पासून गाडीची नंबर प्लेट नवी करताना आपण रिक्रिएशन पासपोर्टचे, म्हणजे पार्कांत गाडी नेण्याच्या परवान्याचे, पैसे भरतो. ते पैसे, कँपिंगचं भाडं आणि राज्याच्या जमिनीतल्या तेल-वायूच्या रॉयल्टीतून साठवलेला निधी, यांवर ही पार्कं मुख्यतः चालतात. जड बूट घातलेल्या त्या माणसाच्या पिकअपवरही तीच नंबर प्लेट होती. आपण आधी बुक केलं एवढ्यावरून जागा आपली होत नाही, आपण तिथे राहिलो तर त्या दोन रात्रींपुरती ती आपली.

लडिंग्टन सप्टेंबर २०२४ पासून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं, तेवढा काळ तिथली सगळी माणसं बाकीच्या पार्कांवर आली. अशा वेळी एकेक रिकामी जागा जास्त टोचते.

आपली माणसं ऐकणारी नाहीत असं मला अजिबात वाटत नाही. लाकडाचंच पाहा. घरामागचं लाकूड कँपला न्यायचं नाही, तिथेच घ्यायचं, हे आपल्यातलं लहान पोरही सांगतं. का? कारण २००२ मध्ये आपल्याच डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा किडा सापडला, लाकडांबरोबर तो गावोगाव गेला आणि कोट्यवधी अ‍ॅशची झाडं वाळून गेली. आपल्या अंगणातली झाडं आपण तोडलेली आहेत, म्हणून कारण सांगावं लागत नाही. रिकाम्या जागेचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक आहे. ज्याला जागा मिळाली नाही तो माणूस आपल्यासमोर उभा नसतो. माझ्यासमोर तो उभा राहिला, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

तेव्हा माझं मागणं असं. ग्रुपसाठी नऊ जागा घ्यायच्या असतील तर जरूर घ्या, पण प्रत्येक जागेला आधीच एका घराचं नाव असू द्या. "कोणीतरी येईलच" या नावावर जागा नको. त्या वीकएंडच्या आधीच्या सोमवारी रात्री, जेवणं झाल्यावर, प्रत्येकाने येतो किंवा येत नाही एवढं लिहायचं, आणि जो येत नाही त्याची जागा त्याच रात्री वेबसाइटवर सोडायची. ग्रुपवर "कोणाला हवी का" विचारत गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. ग्रुपमध्ये जागा फिरवत राहिलो तर ती आपल्या साठ-सत्तर घरांतच फिरते, आणि प्लँटमधून शनिवारची सुटी मिळालेल्या माणसाला ती कधीच दिसत नाही. सोमवारी सोडलेली जागा मंगळवारी सकाळपर्यंत जाते, हे मी सूचना लावून तीन आठवडे पाहिलेलं आहे. आणि सोमवारपासून बुकिंग करून दिवस छाटण्याची युक्ती एकमेकांना शिकवणं आपण बंद करू या. नव्या कँपरवाल्यांना त्याऐवजी गाडीला कँपर जोडायचा हिच कसा तपासायचा, बॅटरी रात्रभर कशी पुरवायची, आपल्या बहुतेक पार्कांत जागेवर वीज असली तरी पाणी टाकीत भरून आणावं लागतं आणि निघताना सांडपाणी सोडायच्या डंप स्टेशनच्या रांगेला किती वेळ लागतो, हे शिकवू या.

ज्यांच्याकडे आई-बाबा येणार आहेत आणि तारखा पक्क्या नाहीत, त्यांनी जानेवारीत घाबरून चार वीकएंड अडवू नयेत. मला ती भीती पुरती ठाऊक आहे. वाटतं, आई सत्त्याहत्तरची आहे, पुढच्या वर्षी येईल की नाही सांगता येत नाही, मग जागा हातची कशी जाऊ द्यायची? पण चार घरांनी अशी चार-चार अडवली की सोळा जागा जातात, आणि त्यांतल्या बारा कोणाच्या ना कोणाच्या आईच्या वाट्याच्या असतात. आठवड्याच्या मधले दिवस घ्या, आई-बाबांना सोमवार काय आणि शनिवार काय. मंगळवारी हार्टविक पाइन्सच्या जुन्या पांढऱ्या पाइनच्या राईत जा, झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहताना आईच्या डोक्यावरचा पदर घसरला होता तिथे. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की पाणी अजून ऊबदार असतं आणि जागा मिळतात.

बाबा या मे महिन्यात पुन्हा येत आहेत, एकटेच. आई गेल्या दिवाळीनंतर गेली. माझ्याकडे या उन्हाळ्यातल्या दोन जागा आहेत, जुलैमध्ये लडिंग्टन आणि ऑगस्टमध्ये टॉवस पॉइंट. बाबांना लडिंग्टनलाच जायचं आहे, त्यांनी फोनवर दोनदा विचारलं. टॉवसची ऑगस्टची जागा मी हे पत्र पाठवायच्या आधी सोडली आहे. शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, वीज आहे, पाण्याचा नळ चार जागा सोडून. सूचना लावलेली असेल तर तुमच्या फोनवर आली असेल.

आपली,
तुमच्यातलीच एक
नोवाय, मिशिगन